एका तासात पुसली जाणारी नोंद

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलावाच्या पाण्यावरून वाद झाला की गावातला एखादा जाणता माणूस अजूनही 'वाजिब-उल-अर्ज' काढायला सांगतो. मध्य प्रांताच्या काळात जमिनीचा बंदोबस्त झाला, तेव्हा गावोगावच्या चालीरीती लिहून ठेवल्या गेल्या. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कसं जाईल, गुरं कुठे चरतील, जंगलातून लाकूड कोण आणेल, असं सगळं. १९५१ साली मालगुजारी गेली. जिल्हा १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात आला, १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. राज्यं बदलली, कागद राहिला. त्याची नक्कल मागता येते, कोर्टात दाखवता येते.

आता दुसऱ्या एका नोंदीचा विचार करा. शेवटच्या तारखेला एखादं सरकारी पोर्टल चार तास बंद पडलं. कोणाची धान विक्रीची नोंदणी राहिली, कोणाचा विमा राहिला, कोणाच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला. ते चार तास पोर्टल बंदच होतं हे सिद्ध करायला कुठला कागद काढायचा?

अशी नोंद मुळात तयार होते का? होते. मी रोज तशाच नोंदी वाचतो, तेच माझं काम आहे. पण आज जगभर ज्या पद्धतीने मोठ्या वेबसाइट चालवल्या जातात, त्या पद्धतीत या नोंदीचं आयुष्य, कोणी मुद्दाम जपली नाही तर, मोजून एक तास असतं.

आजची पोस्ट त्या एका तासाबद्दल आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावातून एका खाजगी कंपनीचे 'कंटेनर क्लस्टर' सांभाळतो. शब्द जड आहेत, गोष्ट सोपी आहे. जहाजावरचा लोखंडी कंटेनर सगळ्यांनी पाहिलाय. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्याने एका जहाजावर असे डबे चढवून पाठवले आणि मालवाहतूक बदलली. आपल्याकडे न्हावाशेवा बंदर १९८९ ला सुरू झालं ते याच डब्यांसाठी. डब्यात तांदूळ आहे की यंत्र, याच्याशी क्रेनला घेणं-देणं नाही. डबा एका मापाचा, म्हणून तो कुठेही चढतो, कुठेही उतरतो.

सॉफ्टवेअरमध्ये तेच झालं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं, म्हणजे तो कुठल्याही मशीनवर चालेल. लिनक्समध्ये त्याची तयारी २००८ पर्यंत झाली होती, २०१३ मध्ये डॉकर आलं आणि हे डबे सगळ्यांच्या हातात आले. पण डबे झाले शेकडो, मशीन झाल्या डझनावारी. कुठला डबा कुठे ठेवायचा, एक मशीन बंद पडली तर तिच्यावरचे डबे कुठे हलवायचे, हे माणसाने किती बघायचं? गूगलने आपल्या घरात यासाठी 'बोर्ग' नावाची व्यवस्था केली होती. त्या अनुभवावरून जून २०१४ मध्ये त्यांनी 'कुबरनेटीज' जाहीर केलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. जुलै २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ नावेचं सुकाणू धरणारा.

मला मात्र हे समजावताना सुकाणूपेक्षा आपला पाणकर बरा वाटतो. माजी मालगुजारी तलावांवर गावाने नेमलेला पाणकर असायचा. त्याला गाव 'दार अर्धं उघड' असं सांगत नसे. 'अमक्या बांधीला पाणी पोचलं पाहिजे' एवढंच सांगे. ते कसं करायचं, हे तो बघे. पाट फुटला तर बुजवे, दार अडकलं तर सोडवे. कुबरनेटीजलाही आपण एवढंच सांगतो, की या प्रोग्रामच्या तीन प्रती कायम चालू पाहिजेत. एक मेली तर ते स्वतःहून दुसरी उभी करतं. सांगितलेली स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ घालत बसणं, हेच त्याचं चोवीस तासांचं काम.

पण पाणकर काम बरोबर करतोय ना, हे बघायला कोणीतरी पाळीवर फिरावं लागतंच. ते मी करतो, आणि करतो एका काळ्या पडद्यावर. त्या अवजाराचं नाव के-नाइन-एस. २०१९ मध्ये फर्नांड गलिआना या प्रोग्रामरने ते सगळ्यांसाठी मोफत दिलं. नावात गंमत आहे. कुबरनेटीजच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या आणि शेवटच्या अक्षराच्या मध्ये आठ अक्षरं, म्हणून लोक त्याला आखूड करून 'के-एट-एस' म्हणतात. त्याच्या पुढचा आकडा नऊ. आणि इंग्रजीत के-नाइन म्हटलं की कुत्रा, म्हणून याच्या चिन्हावर कुत्रा आहे. राखणदार.

उघडलं की एक तक्ता दिसतो. डब्याचं नाव, किती तयार, स्थिती काय, किती वेळा पुन्हा सुरू झाला, किती मेमरी खातोय, कुठल्या मशीनवर आहे, वय किती. दर दोन सेकंदांनी तक्ता ताजा होतो. बिघडलेली ओळ रंग बदलते. माउसला हात लावावा लागत नाही. कोलन दाबून नाव लिहिलं की दुसरा तक्ता, तिरपी रेघ दाबली की शोध, 'डी' दाबलं की डब्याची पूर्ण कुंडली, 'एल' दाबलं की तो डबा काय बोलून राहिलाय ते ओळीओळीने. मागे यायला एस्केप. एवढ्यात माझी अर्धी नोकरी होते.

'विसाव्या शतकातल्यासारखा काळा पडदा अजून कशाला?' असं मला घरचेही विचारतात. या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

१९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी 'व्हीआय' नावाचा संपादक लिहीत होता. त्याच्यासमोर जे टर्मिनल होतं, त्या एडीएम-३ए वर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून त्याने त्याच कळांनी वर-खाली करायची सोय केली. हुकूम द्यायला कोलन, शोधायला तिरपी रेघ. टर्मिनल भंगारात गेलं, सवय राहिली. आज गावात बसून मी 'जे' दाबून खालच्या ओळीवर जातो, त्याचं कारण पन्नास वर्षांपूर्वीचा एक कळफलक आहे.

दुसरं कारण तारेचं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला तीस अक्षरं यायची, चांगली लाइन असेल तर एकशे वीस. पडदा ऐंशी अक्षरं रुंद आणि चोवीस ओळी उंच, म्हणजे १९२० अक्षरं. चांगल्या लाइनवरही पूर्ण पडदा भरायला सोळा सेकंद. म्हणून १९८० च्या आसपास बर्कलेतच केन अरनॉल्डने 'कर्सेस' नावाची लायब्ररी लिहिली. तिचं तत्त्व असं, की पडद्यावर जेवढी अक्षरं बदलली तेवढीच पाठवायची, बाकीला हात लावायचा नाही. पडद्यावर अक्षरांनी खिडक्या आणि तक्ते उभे करणारी पुढची अवजारं याच वाटेने गेली, आणि के-नाइन-एस त्यांचंच नातवंड. गावात लाइट गेली, वायफाय बंद पडलं आणि मोबाइलचा एकच दांडा दिसत असला, तरी माझा तक्ता येतो. चित्रांची रंगीत वेबसाइट तोवर नुसतं चक्र फिरवत बसते.

हा काळा पडदा आपल्याकडेही आला होता, आणि तो सामान्य माणसाने पाहिलेला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे आपलं 'एनआयसी', १९७६ ला स्थापन झालं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचं निकनेट उपग्रहाच्या आधाराने जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोचलं. बँकांसाठी रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, त्यानंतर खातेवह्यांच्या जागी लेजर टाकणारी यंत्रं येऊ लागली. रेल्वेचं संगणकीय आरक्षण त्याच दशकाच्या मध्यात दिल्लीत सुरू झालं आणि हळूहळू सगळीकडे पसरलं. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरच काय, कुठल्याही आरक्षण खिडकीवर ज्यांनी तिकीट काढलंय त्यांना आठवत असेल. बाबू कळफलकाकडे न बघता टकाटक बोटं चालवायचा. गाडी क्रमांक, तारीख, वर्ग, एंटर. माउस शोधत बसला असता तर रांग तुमसरपर्यंत गेली असती.

मराठीचाही या पडद्यात वाटा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं 'जिस्ट' तंत्र तिथे वाढलं. संगणकात एक कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या अक्षरी प्रोग्राममध्येही देवनागरी उमटायची, जोडाक्षरांसकट. भारतीय लिप्यांच्या संकेतांचं 'इस्की' प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलं. गंमत म्हणजे आज माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये 'क्षेत्र' लिहिलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. पस्तीस वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण पुन्हा न सुटलेला करून ठेवला आहे.

आणि जमिनीची नोंद? भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता वर्धा. आमच्यापासून नागपूर ओलांडलं की वर्धाच. म्हणजे सातबारा संगणकावर चढवायचा राज्यातला पहिला प्रयोग विदर्भात झाला.

इथपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळात समोरचा माणूस आणि यंत्र एकाच खोलीत, नाही तर एका तारेच्या दोन टोकांना होते. तलाठ्याच्या वहीत तर तुम्ही आणि तो एकच पान बघत होता. बँकेतल्या टर्मिनलवर निदान बाबूला तरी दिसायचं, की लाइन गेली आहे की मशीन अडकली आहे. तो तसं सांगायचा आणि तुम्ही खिडकीतून मान वाकवून खात्री करून घ्यायचा.

मग यंत्र खोलीतून निघून गेलं. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. २०१४ मध्ये केंद्राने 'मेघराज' नावाने सरकारी क्लाउड सुरू केला. १ मे २०१८ ला महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा आला, १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी आली. मी या सगळ्याच्या बाजूचा आहे. सातबाऱ्यासाठी तलाठी साहेबांच्या मागे तीन-तीन दिवस फिरणारे माझे आजोबा मी पाहिलेत, ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. नगरपालिकांच्या सेवांसाठी ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने बनवलेला 'डिजिट' हा खुला मंच तर कुबरनेटीजवरच चालतो. म्हणजे हे तंत्र लोकांच्या रोजच्या कामांच्या मागे येऊन बसलं आहे, आणि ते चांगलं तंत्र आहे.

पण एक फरक पडला. खिडकीवरच्या माणसालाच आता काही दिसत नाही. सेतू केंद्रातल्या पोराच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतं, आणि तो म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे जी, उद्या या." त्याचा काही दोष नाही. त्याला दिलेलं वाक्यच तेवढं आहे.

मागच्या एका हंगामात माझे बाबा असेच एका नोंदणीसाठी दोन दिवस जाऊन आले. कुठलं पोर्टल ते इथे महत्त्वाचं नाही. तिसऱ्या दिवशी मी घरूनच ते उघडून पाहिलं. पडद्यावर बारीक अक्षरात आकडा होता, ५०३. बाबांना म्हटलं, याचा अर्थ दरवाजा जागेवर आहे, दरवान आहे, पण आत काम करणारा एकही माणूस सध्या हजर नाही. ५०४ आला असता तर अर्थ वेगळा, की आत माणूस आहे पण उत्तर द्यायला फार वेळ लावतोय. बाबा म्हणाले, "मंग तसं लिहून काउन नाही देत?"

काउन नाही देत, हाच प्रश्न आहे. कारण पडद्याच्या त्या बाजूला सगळं लिहिलेलं असतं. माझ्या तक्त्यात 'सर्व्हर डाऊन' अशी स्थितीच नसते. तिथे नेमकी कारणं असतात. 'पेंडिंग' म्हणजे डबा ठेवायला कुठल्याच मशीनवर जागा नाही, मशीन कमी घेतल्या आहेत. 'ओओएम-किल्ड' म्हणजे डब्याला जेवढी मेमरी मंजूर केली होती तेवढी पुरली नाही, म्हणून यंत्रणेने तो मारला. 'क्रॅश-लूप-बॅकऑफ' म्हणजे प्रोग्राम सुरू होतो आणि मरतो, पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा मरतो. यंत्रणा आधी दहा सेकंद थांबते, मग वीस, मग चाळीस, असं करत पाच मिनिटांपर्यंत जाते. 'इमेज-पुल-बॅकऑफ' म्हणजे ज्या गोदामातून डबा आणायचा तिथून तो मिळत नाही, बहुतेक वेळा कोणीतरी नाव चुकीचं लिहिलेलं असतं.

बघा, प्रत्येक कारणामागे जबाबदार वेगळा आहे. पहिल्यात खर्च मंजूर करणारा, दुसऱ्यात अंदाज बांधणारा, तिसऱ्यात प्रोग्राम लिहिणारा, चौथ्यात नवी आवृत्ती चढवणारा. शेवटच्या तारखेला गर्दी होणारच, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी मशीन वाढवल्या नसतील तर तो नैसर्गिक कोप म्हणता येत नाही, तो कोणीतरी घेतलेला किंवा न घेतलेला निर्णय आहे. 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांत चार वेगळे जबाबदार लोक आरामात झाकले जातात.

आता तो एक तास. कुबरनेटीजमध्ये असं काही घडलं की एक 'इव्हेंट' तयार होतो. अमक्या वेळी अमका डबा मारला, कारण अमुक. काळ्या पडद्यावर मी हेच वाचतो. पण मूळ सेटिंगप्रमाणे हा इव्हेंट एक तास ठेवला जातो आणि मग पुसला जातो. डबा काय बोलत होता त्याचा लॉगही डबा हलवला, काढला की त्याच्याबरोबर जातो. यात कोणाचं कारस्थान नाही. ज्या छोट्या भांडारात यंत्रणेची आत्ताची स्थिती ठेवतात, ते इतिहास साठवण्यासाठी बनलेलंच नाही. हजारो इव्हेंट साचले तर यंत्रणाच गुदमरेल. म्हणून इतिहास हवा असेल तर तो वेगळ्या जागी वळवून ठेवा, असं बनवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. चांगल्या कंपन्या ते करतात. आम्हीही करतो, कारण ग्राहकाने भरपाई मागितली तर उत्तर द्यावं लागतं.

म्हणजे नोंद टिकणं हे तंत्रावर नाही, कोणी हिशेब मागणार आहे की नाही यावर ठरतं.

हे नुसतं म्हणणं नाही, जीएसटीमध्ये घडलेलं आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा जुन्या कराची शिल्लक पुढे आणण्यासाठी व्यापाऱ्यांना 'ट्रॅन-१' नावाचा फॉर्म पोर्टलवर भरायचा होता. पुष्कळांचा भरला गेला नाही, तांत्रिक अडचणी आल्या. ३ एप्रिल २०१८ ला सरकारने तक्रारींसाठी व्यवस्था केली. पण अडचण खरंच आली होती हे ठरवायचं कशावरून? पोर्टलच्या लॉगवरून. ज्याचा प्रयत्न लॉगमध्ये दिसला त्याची बाजू धरली गेली, ज्याचा दिसला नाही तो अडकला. साक्षीदार एकच, आणि तो समोरच्या पक्षाच्या घरात राहणारा. देशभरात खटले झाले. शेवटी २२ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांसाठी दोन महिने पोर्टल पुन्हा उघडायला सांगितलं, आणि ते १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ या काळात उघडलं. पाच वर्षं लागली.

व्यापाऱ्याकडे सीए होता, वकील होता, पाच वर्षं थांबण्याची ऐपत होती. आमच्या भागातल्या दोन एकर धानवाल्याकडे यातलं काहीच नाही. त्याची नोंदणी राहिली की तो हमीभावाच्या केंद्रावर जात नाही, सरळ व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो. त्याचा खटला कुठे उभाच राहत नाही, म्हणून त्याचा लॉग कोणी मागत नाही, आणि मागत नाही म्हणून तो जपला जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर पाया आहे. २८ एप्रिल २०२२ ला केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला, की कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था यांनीही आपल्या संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपलेच पाहिजेत. हेतू सायबर सुरक्षेचा आहे, पण लॉग जपता येत नाहीत हे कारण त्यामुळे संपलं. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याच्या दुसऱ्या कलमात 'माहिती'च्या व्याख्येत लॉगबुक आहे आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्रीही आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर अपील, असं तो सांगतो. या तीन गोष्टी एकमेकींना जोडायच्या बाकी आहेत.

काही मित्र म्हणतील, सरकारी यंत्रणेच्या आतलं लोकांना दाखवलं तर हॅकरचं फावेल. बरोबर आहे, आतलं सगळं दाखवा असं कोणी म्हणतही नाही. के-नाइन-एसमध्येच 'फक्त वाचा' अशी सोय आहे. ती लावली की बघता येतं, काही बदलता येत नाही. नव्या माणसाला आम्ही आधी तीच देतो. बघण्याचा हक्क आणि हात लावण्याचा हक्क हे वेगळे आहेत, हे तंत्राला केव्हाच कळलेलं आहे. लोकांसाठी तर तेवढंही नको. मला तीन गोष्टी पुरेशा वाटतात.

एक, प्रत्येक सरकारी पोर्टलचं एक साधं पान असावं. कुठल्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत सेवा बंद होती आणि कारण काय, एका ओळीत, मराठीत. हे पान पोर्टलपेक्षा वेगळ्या मशीनवर असावं, नाहीतर दोन्ही एकदम बंद पडतील.

दोन, ही नोंद निदान पाच वर्षं ठेवावी. सेतू केंद्राला तिची प्रत काढून शिक्का मारून देता यावी.

तीन, शेवटच्या तीन दिवसांत पोर्टल जेवढे तास बंद राहिलं, तेवढे तास मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी निवेदन, मोर्चा, पालकमंत्र्यांची भेट हे काही लागू नये. ज्या यंत्रणेला 'तीन प्रती चालू ठेव' एवढं सांगितलं की ती स्वतःहून चालू ठेवते, तिला हा हिशेबही करता येतो. सांगायची इच्छा हवी.

हे होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करूया. पोर्टल बंद दिसलं की पडद्याचा फोटो काढा. त्यात घड्याळातली वेळ आणि तो बारीक आकडा, ५०२, ५०३, ५०४ जो असेल तो, आला पाहिजे. त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला ईमेल करा, किंवा कागदावर लिहून आवक क्रमांक घ्या. 'सर्व्हर डाऊन होता' असं लिहू नका. 'अमक्या तारखेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पोर्टलने ५०३ दाखवला, या वेळेचे लॉग जपून ठेवावेत' असं लिहा. हे वाक्य ज्याच्या टेबलावर जाईल त्याला कळेल, की समोरच्याला काय मागायचं ते माहीत आहे. मग सहा महिन्यांच्या आत माहिती अधिकारात तेच लॉग मागा, कारण १८० दिवसांनंतर 'आता नाहीत' हे उत्तर खरंही असू शकतं.

आपल्या पूर्वजांनी पाण्याची पाळी लिहून घेतली म्हणून ती आज सांगता येते. लिहून घेणारे सगळे शिकलेले नव्हते. काय लिहून घ्यायचं एवढं मात्र त्यांना पक्कं कळत होतं.